अमेरिकेतल्या शाळेत एपी कॅल्क्युलस: वर्गातल्या अपेक्षा आणि गुणांचा हिशोब

भारतातून अमेरिकेत आलेल्या शाळकरी मुलांना पहिल्याच महिन्यात एक वाक्य ऐकू येतं: "तू भारतातून आलास ना, मग गणिताची काय काळजी!" शेजारी म्हणतात, वर्गातली मुलं म्हणतात, कधीकधी समुपदेशकही म्हणतात. मग पहिल्या चाचणीचा पेपर घरी येतो. उत्तरं सगळी बरोबर असतात आणि गुण मात्र शंभरातले सत्तर. आईवडिलांना कळत नाही, मुलाला तर त्याहून कळत नाही. आमच्या घरी मुलगी दहावीनंतर इथे आली आणि मुलगा आठवीनंतर. तिनं एपी कॅल्क्युलसचा एबी हा अभ्यासक्रम केला, त्यानं त्याहून मोठा बीसी. दोघांच्या वह्या, चाचण्या आणि निकाल जवळून पाहिल्यावर जे समजलं, ते नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांसाठी इथे क्रमानं लिहीत आहे. शाळाशाळांत फरक असतोच, पण मूळ चौकट देशभर सारखी आहे.

१. दोन निकाल असतात, ते आधी वेगळे ओळखा

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड नावाची संस्था हे अभ्यासक्रम आखते आणि मे महिन्यात त्यांची देशभर एकच परीक्षा घेते. विषय शाळेत शिकवला जातो, पातळी मात्र कॉलेजच्या पहिल्या वर्षाची असते.

इथे दोन निकाल लागतात आणि त्यांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो. पहिला म्हणजे शाळेचा ग्रेड: ए, बी, सी. तो तुमच्या शिक्षकांनी वर्षभराच्या चाचण्या, गृहपाठ आणि सत्रपरीक्षेवरून दिलेला असतो. तो ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) छापला जातो आणि जीपीएमध्ये (सगळ्या ग्रेडच्या सरासरीत) मोजला जातो. दुसरा म्हणजे एपी स्कोअर: १ ते ५ मधला एक आकडा. तो मे महिन्यातल्या परीक्षेवरून ठरतो, जुलैत कळतो आणि कॉलेजचं क्रेडिट मिळणार की नाही, म्हणजे हा विषय कॉलेजात झालेला धरणार की नाही, ते सांगतो. जुलैत ५ आला म्हणून जूनमधला बी बदलून ए होत नाही. वर्गात ए होता म्हणून स्कोअर ५ येईल याचीही खात्री नाही.

बारावीच्या वर्षात हा विषय घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कॉलेजांचे अर्ज हिवाळ्यात जातात, तेव्हा एपी स्कोअर अस्तित्वातच नसतो. प्रवेश समितीसमोर असतो तो वर्गातला ग्रेड. पहिल्या सत्राचे गुण शाळा मिड-इयर रिपोर्टमधून कॉलेजला कळवते, अंतिम ट्रान्स्क्रिप्टही जातं, आणि शेवटच्या सत्रात ग्रेड फारच कोसळले तर दिलेला प्रवेश मागे घेण्याचा अधिकार कॉलेज राखून ठेवतं. आपल्याकडे बोर्डाची परीक्षा चांगली गेली की वर्षभराचं सगळं भरून निघतं. इथे दर आठवड्याचं काम मोजलं जातं आणि ते मेमध्ये भरून काढता येत नाही.

२. योग्य वर्गात प्रवेश

इथे गणिताचा वर्ग वयावरून ठरत नाही, आधी काय झालंय त्यावरून ठरतो. नेहमीची शिडी अशी: अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस.

महाराष्ट्र बोर्डाची दहावी करून आलेल्यांनी इथे घाई करू नये. दहावीत आपली भूमिती पक्की होते, वर्गसमीकरणं होतात, त्रिकोणमितीची गुणोत्तरं होतात. पण फलन (फंक्शन), लॉगॅरिदम, रेडियनमधली त्रिकोणमिती, सीमा (लिमिट) आणि डेरिव्हेटिव्हची (बदलाच्या दराची) ओळख हे सगळं अकरावीत येतं. म्हणजे दहावीनंतर आलेल्या मुलाला प्रीकॅल्क्युलसची खरीखुरी गरज असते. "आमचं गणित पुढे आहे" म्हणून थेट कॅल्क्युलसमध्ये बसवण्याचा आग्रह धरू नका. अकरावी सायन्स पूर्ण करून आलेल्यांचं वेगळं आहे. त्यांनी प्लेसमेंट टेस्ट मागून घ्यावी.

समुपदेशकाकडे जाताना बरोबर न्यायचे कागद:

- नववीपासूनच्या सर्व गुणपत्रिका. मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरासह
- शाळा सोडल्याचा दाखला
- गणिताच्या पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिकेच्या प्रती (सगळ्यात जास्त उपयोग याच कागदाचा होतो, कारण "मॅथ्स पार्ट वन" या नावावरून इथल्या माणसाला काहीच कळत नाही, धड्यांची नावं वाचली की लगेच कळतं)
- सोडवलेल्या चाचण्या किंवा वही, असल्यास

शाळाप्रवेशासाठी लागणारे जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, पत्त्याचा पुरावा हे कागद वेगळे. ते नोंदणी कार्यालय मागतंच.

३. एबी की बीसी?

एबीमध्ये आठ घटक आहेत: लिमिट आणि कंटिन्युइटी, डेरिव्हेटिव्हची व्याख्या आणि नियम, चेन रूल व इम्प्लिसिट डेरिव्हेटिव्ह, व्यवहारातले उपयोग, आलेखाचं विश्लेषण, इंटिग्रेशन (बदलाच्या दरावरून एकूण बेरीज काढणं), डिफरन्शियल इक्वेशन (डेरिव्हेटिव्ह असलेलं समीकरण) आणि इंटिग्रेशनचे उपयोग. बीसीत हे सगळं असतं, काही घटकांत थोडी भर असते, शिवाय आणखी दोन घटक: पॅरामेट्रिक-पोलर-व्हेक्टर फलनं आणि अनंत श्रेणी. ढोबळ मानानं एबी म्हणजे कॉलेजचं एक सत्र, बीसी म्हणजे दोन.

बीसीमध्ये ५ मिळवणाऱ्यांचं प्रमाण एबीपेक्षा बरंच जास्त असतं. त्यावरून बीसी सोपं आहे असा अर्थ काढू नका. बीसी घेणारी मुलं मुळातच गणितात मुरलेली असतात, म्हणून तसं दिसतं. बीसीचा वेग मोठा असतो आणि अनंत श्रेणीचा घटक बहुतेक शाळांत फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळे थकलेले असताना येतो.

माझं मत असं: अकरावी सायन्स नीट केलेल्या आणि इंग्रजीत लिहिण्याची सवय असलेल्या मुलानं बीसीचा विचार जरूर करावा. इंग्रजी अजून अडखळत असेल, शाळा नवी असेल, तर एबीत काही कमीपणा नाही. बीसीच्या परीक्षेत एबीच्या भागाचा वेगळा उपस्कोअर मिळतो, त्यामुळे श्रेणीत गडबड झाली तरी सगळं पाण्यात जात नाही.

४. पहिल्या आठवड्यात सिलॅबस वाचा, सही करण्याआधी

इथे "सिलॅबस" म्हणजे केवळ धड्यांची यादी नव्हे. शिक्षक तीन-चार पानांचा कागद देतात, त्यात गुण कसे देणार, उशिरा दिलेल्या कामाचं काय, चाचणी पुन्हा देता येते का, हे सगळं लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी पालकांची सही लागते. पालक सही करून परत देतात आणि मग डिसेंबरमध्ये विचारत बसतात. त्यात पुढच्या गोष्टी शोधा.

चाचण्यांना किती वजन आहे? एपी वर्गात चाचण्यांचं वजन फार जास्त असतं, बऱ्याचदा एकूण ग्रेडच्या तीन चतुर्थांशाच्या घरात. गृहपाठ दहा-पंधरा टक्के. गृहपाठाचे गुण बहुधा काम केल्याबद्दल मिळतात, बरोबर आल्याबद्दल नव्हे. म्हणून शून्य ठेवणं हा निव्वळ तोटा.

ए कितीला? कुठे ९० ला, कुठे ९३ ला. शिक्षक एपीच्या पद्धतीनं चाचणी घेऊन गुण वर सरकवतात का, हेही विचारा. एपीसारखी कठीण चाचणी असेल तर ७० टक्के म्हणजे वाईट कामगिरी नव्हे, आणि काही शिक्षक त्याचं रूपांतर बी किंवा ए मध्ये करतात. काही अजिबात करत नाहीत.

जीपीएचं काय? बऱ्याच शाळांत वेटेड जीपीएमध्ये साध्या विषयातल्या ए ला ४ आणि एपीतल्या ए ला ५ धरतात. म्हणजे एपीतला बी हा साध्या वर्गातल्या ए च्या तोडीचा ठरतो. पण काही कॉलेजं शाळेचा जीपीए बाजूला ठेवून स्वतःच्या पद्धतीनं मोजतात, त्यामुळे केवळ त्या जादा गुणासाठी न झेपणारा विषय घेऊ नका.

वर्ग सोडण्याची शेवटची तारीख कोणती? सुरुवातीच्या काही आठवड्यांत वर्ग बदलला तर ट्रान्स्क्रिप्टवर खूण राहत नाही. त्यानंतर अनेक ठिकाणी नोंद उमटते. ही तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा.

आणि एक महत्त्वाचं: प्रामाणिकपणाचे नियम. आपल्याकडे मित्राला जर्नल उतरवायला देणं ही मैत्री समजली जाते. इथे देणारा आणि घेणारा दोघंही सापडतात, दोघांनाही शून्य मिळतं आणि गोष्ट शिस्तपालनाच्या नोंदीत जाते. फोननं फोटो काढून गणित सोडवणारी ॲप, एआयनं लिहून दिलेली उत्तरं, हेही त्यातच धरतात. मुलांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, कारण त्यांच्या मनात वाईट हेतू नसतानाही हे घडू शकतं.

५. लागणारं साहित्य

- ग्राफिंग कॅल्क्युलेटर. टीआय-८४ प्लस बहुतेक वर्गांत दिसतो आणि शिक्षकही तोच दाखवतात. नवा घ्यायचा तर शंभर डॉलरच्या वर जातो; आधी शाळेकडे उसना मिळतो का विचारा, अनेक शाळा वर्षभरासाठी देतात. वापरलेलाही उत्तम चालतो.
- एपी क्लासरूमचं खातं. शिक्षक जॉइन कोड देतात. घटकवार सराव आणि छोटे व्हिडिओ तिथे मोफत आहेत.
- ब्लूबुक ॲप, ज्यात ही परीक्षा घेतात. मे २०२५ पासून ही परीक्षा अर्धी संगणकावर आली: बहुपर्यायी प्रश्न स्क्रीनवर सोडवायचे, आणि लेखी प्रश्न स्क्रीनवर वाचून उत्तरं कागदाच्या पुस्तिकेत हातानं लिहायची. ॲपमध्ये डेस्मॉस कॅल्क्युलेटर असतो, पण सवय नसेल तर ऐन वेळी त्याच्याशी झटापट होते.
- रेघांची वही आणि पेन्सिल. बाकी महागड्या पुस्तकांची गरज नाही.

महाराष्ट्र बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे आपली मुलं हातानं झटपट करतात आणि यंत्राला दूर ठेवतात. इथे तसं चालणार नाही. कॅल्क्युलेटरवर चार कामं डोळे मिटून जमली पाहिजेत: आलेख काढणं, समीकरणाची उकल शोधणं, एका बिंदूला डेरिव्हेटिव्हची किंमत काढणं आणि डेफिनिट इंटिग्रलची किंमत काढणं. आणि यंत्र कायम रेडियनवर ठेवा. डिग्रीवर राहिलं तर उत्तर चुकतं आणि गुण कोणालाही न कळता जातात.

६. मे महिन्यातली परीक्षा कशी असते

२०२५ च्या परीक्षेची रचना देतो. तुमच्या वर्षाची माहिती कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या. एकूण वेळ सव्वातीन तास.

पहिला विभाग बहुपर्यायी, ४५ प्रश्न, पावणेदोन तास. त्यातले ३० प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय ६० मिनिटांत, १५ प्रश्न कॅल्क्युलेटरसह ४५ मिनिटांत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. जेईईची तयारी केलेल्या मुलांना "येत नसेल तर सोडून दे" अशी सवय असते. इथे एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

दुसरा विभाग लेखी, सहा प्रश्न, दीड तास. पहिले दोन कॅल्क्युलेटरसह ३० मिनिटांत, उरलेले चार त्याच्याशिवाय ६० मिनिटांत. प्रत्येक लेखी प्रश्न ९ गुणांचा, म्हणजे एकूण ५४. बहुपर्यायी विभागालाही तेवढंच वजन. अर्धी परीक्षा ही लिहून समजावण्याची आहे, हे लक्षात ठेवा.

एकूण गुणांवरून १ ते ५ हा स्कोअर ठरतो. जुन्या, प्रसिद्ध झालेल्या परीक्षा पाहिल्या तर सत्तर टक्क्यांच्या आसपास गुण ५ साठी पुरेसे ठरले आहेत. बोर्डात पंचाण्णव टक्के मिळवणारं मूल सराव परीक्षेत सत्तर बघून खचतं. त्याला हा हिशोब आधीच सांगून ठेवा.

७. लेखी उत्तर: आपली मुलं गुण घालवतात ते इथे

या टप्प्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळी गोम इथेच आहे. बोर्डाच्या पेपरात बहुतेक प्रश्न "किंमत काढा", "सिद्ध करा", "सोडवा" असे येतात. सूत्र आठवलं, पायऱ्या केल्या, उत्तर आलं. एपीच्या लेखी प्रश्नात सूत्र दिलेलं नसतंच बऱ्याचदा. एक तक्ता असतो किंवा एक आलेख असतो आणि विचारलेलं असतं: का? कशावरून? याचा अर्थ काय?

एक उदाहरण मी स्वतः रचलं आहे. एका टाकीत पाणी शिरतंय. शिरण्याचा दर लिटर प्रति तास असा मोजला आहे: ० तासाला ४०, २ तासाला ४६, ५ तासाला ५२, ९ तासाला ४६ आणि १२ तासाला ३८. दराचं फलन डिफरन्शिएबल (प्रत्येक क्षणी डेरिव्हेटिव्ह असलेलं) आहे असं सांगितलंय.

*पहिला उपप्रश्न:* ७ व्या तासाला दर कसा बदलतोय याचा अंदाज द्या. ५ आणि ९ तासांच्या किमती घ्यायच्या: ४६ वजा ५२, भागिले ९ वजा ५, म्हणजे उणे १.५. हुशार मूल तोंडी करून "−१.५" एवढंच लिहितं. तसं केलं तर हा गुण जातो, कारण वजाबाकी आणि भागाकार कागदावर दिसायला हवा. एकक विचारलं असेल तर "लिटर प्रति तास प्रति तास" हेही लिहायचं. "लिटर प्रति तास" चूक.

*दुसरा उपप्रश्न:* चार उपअंतरालांची डावी रीमन बेरीज (प्रत्येक तुकड्याच्या डाव्या टोकाची किंमत गुणिले रुंदी, यांची बेरीज) काढा. रुंद्या २, ३, ४, ३ आहेत, सारख्या नाहीत. समान रुंदी गृहीत धरणं हा ठरलेला सापळा. उत्तर: २ गुणिले ४०, अधिक ३ गुणिले ४६, अधिक ४ गुणिले ५२, अधिक ३ गुणिले ४६. बेरीज ५६४ लिटर. पण गंमत अशी की बेरीज नाही केली तरी चालतं. आकडेमोडीचं उत्तर सोपं करण्याची सक्ती नाही. उलट, बरोबर मांडणी लिहून पुढे बेरीज चुकवली तर हातातला गुण जातो. आपल्याकडे शेवटपर्यंत सोडवून चौकटीत उत्तर लिहिण्याची सवय असते. इथे थांबायला शिकावं लागतं.

*तिसरा उपप्रश्न:* २ आणि ९ तासांच्या मध्ये दराचा डेरिव्हेटिव्ह शून्य होतो असा क्षण असलाच पाहिजे का? कारण द्या. दोन्ही टोकांना दर ४६ आहे, मुलाला उत्तर लगेच दिसतं आणि ते लिहितं: "हो, मीन व्हॅल्यू थिअरमनुसार." एवढ्यावर पूर्ण गुण मिळत नाहीत. लिहायचं असं: दर डिफरन्शिएबल आहे, म्हणून तो कंटिन्युअस (अखंड) आहे, २ ते ९ मधला सरासरी बदल ४६ वजा ४६ भागिले ७, म्हणजे शून्य, म्हणून मीन व्हॅल्यू थिअरमनुसार असा क्षण आहे. अटी आधी, निष्कर्ष मग. अट न तपासता थिअरम वापरणं म्हणजे वकिलानं पुरावा सादर न करता निकाल मागणं.

*चौथा उपप्रश्न:* ० ते १२ पर्यंत दराच्या इंटिग्रलचा अर्थ सांगा. "एकूण पाणी" हे अपुरं. "सुरुवातीपासून १२ तासांत टाकीत शिरलेलं एकूण पाणी, लिटरमध्ये": काय, किती वेळात, कोणत्या एककात, तिन्ही हवं. आणि "टाकीतलं एकूण पाणी" असं लिहिलं तर चूक, कारण टाकीत आधी काही होतं की नाही हे आपल्याला माहीत नाही.

याशिवाय तपासनीस ज्या गोष्टींवर काटेकोर असतात त्या अशा:

- दशांश उत्तर तीन स्थळांपर्यंत अचूक हवं. मधल्या पायरीत आकडा तोडू नका, कॅल्क्युलेटरमध्ये साठवा.
- कॅल्क्युलेटरची बटणांची भाषा उत्तरात लिहू नका. इंटिग्रल मर्यादांसह गणिती चिन्हांत मांडा, मग उत्तर लिहा. मांडणी नसलेल्या नुसत्या उत्तराला गुण नाही.
- "ते वाढतंय", "फंक्शन धन आहे" असं मोघम लिहू नका. मूळ फंक्शन, पहिला डेरिव्हेटिव्ह आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह एकाच प्रश्नात असतात. कोणाबद्दल बोलताय त्याचं नाव लिहा.
- अधिक-उणे चिन्हांचा तक्ता काढणं चांगलं, पण तो एकटा कारण म्हणून धरला जात नाही. "या बिंदूला पहिल्या डेरिव्हेटिव्हचं चिन्ह धनाचं ऋण होतं, म्हणून इथे लोकल मॅक्झिमम" असं वाक्यात लिहा. संपूर्ण अंतरालावरची सर्वांत मोठी किंमत विचारली असेल तर दोन्ही टोकंही तपासून दाखवा.
- लोपिताल नियम (शून्य भागिले शून्य अशा रूपातल्या लिमिट काढण्याचा) वापरताना अंशाची लिमिट शून्य आणि छेदाची लिमिट शून्य, असं दोन वेगळ्या ओळींत लिहा. "लिमिट = ०/०" असं समीकरण लिहू नका.
- डिफरन्शियल इक्वेशनमध्ये चलं वेगळी न करता पुढे गेलात तर त्या भागाला शून्य. इंटिग्रेशनचा स्थिरांक विसरलात तर पुढचे बहुतेक गुण जातात.
- खोडलेलं तपासत नाहीत. दुसरं काही सुचेपर्यंत आधीचं खोडू नका, त्यात एखादा गुण दडलेला असू शकतो.
- एका भागातलं चुकलेलं उत्तर पुढच्या भागात नीट वापरलं तर पुढचे गुण सहसा मिळू शकतात. म्हणून पहिला भाग अडला तरी पुढचे सोडू नका.

इंग्रजीची भीती असलेल्यांना दिलासा: वाक्यं सुंदर असण्याची गरज नाही. छोटी, स्पष्ट, कोणाबद्दल ते सांगणारी वाक्यं पुरतात. आमच्या मुलीनं अशा कारणांची दहा-बारा वाक्यं पाठ न करता, स्वतःच्या शब्दांत वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती आणि ती वापरत गेली. वर्गातल्या चाचण्यांतले गुण तेव्हापासून बदलले.

८. वर्षभराचा क्रम

शाळा ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात सुरू होते. पहिला महिना प्रीकॅल्क्युलसची उजळणी आणि लिमिट यांत जातो. आपल्या मुलांना हे सोपं वाटतं आणि ती सैल पडतात. खरी चढण आलेखाच्या विश्लेषणापासून सुरू होते.

परीक्षेची नोंदणी शाळेमार्फत होते आणि वर्षभराच्या वर्गांसाठी ती नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते. म्हणजे परीक्षा मेमध्ये, पण निर्णय नोव्हेंबरात. शाळेची स्वतःची मुदत त्याहून आधीची असते. उशीर झाला तर जादा शुल्क पडतं. २०२५ मध्ये अमेरिकेत एका परीक्षेचं शुल्क ९९ डॉलर होतं. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सवलत मिळते, समुपदेशकाला विचारायला संकोच करू नका.

जानेवारीपासून दर आठवड्याला एक जुना लेखी प्रश्न सोडवावा. मागच्या अनेक वर्षांचे लेखी प्रश्न, त्यांची गुणदानाची पद्धत आणि विद्यार्थ्यांची नमुना उत्तरं कॉलेज बोर्ड मोफत प्रसिद्ध करतं. माझ्या मते तयारीचं याहून चांगलं साधन नाही. पंधरा मिनिटं लावून एक प्रश्न सोडवा, मग गुणदानाचा कागद समोर ठेवून स्वतःच तपासा, कठोरपणे. कोणत्या ओळीला गुण आहे आणि कोणत्या ओळीला नाही हे पाहून लिहिण्याची पद्धत आपोआप बदलते. खासगी क्लास लावायचा असेल तर त्यानंतर लावा. पहिल्याच महिन्यात क्लास लावला तर मूल वर्गात लक्ष देणं सोडतं.

परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत असते. आदल्या आठवड्यात एक सराव परीक्षा पूर्ण वेळ लावून द्यावी.

९. ग्रेड घसरू लागला तर

पॉवरस्कूल, कॅनव्हास किंवा तुमच्या शाळेत जे काही असेल, तिथे गुण रोज दिसतात. रोज बघू नका, आठवड्यातून एकदा बघा. एखाद्या चाचणीत गुण पडले तर पहिलं पाऊल मुलानं उचलायचं. त्यानं स्वतः शिक्षकांना छोटा ईमेल लिहावा: नाव, तास कोणता, कोणता प्रश्न कळला नाही, आणि मदतीच्या तासाला येऊ का. जवळजवळ प्रत्येक शिक्षक शाळेआधी किंवा नंतर असा वेळ ठेवतात. आपल्या मुलांना सरांसमोर उभं राहून शंका विचारणं उद्धटपणा वाटतो. इथे न विचारणाऱ्या मुलाला मदत हवी आहे हेच शिक्षकांना कळत नाही. पालकांनी थेट लिहायचं ते त्यानंतर, आणि तेही मुलाला कळवून. गुण वाढवून मागू नका. गुण कुठे गेले ते विचारा.

सात-आठ आठवड्यांनंतरही चाचण्यांत साठच्या खाली गुण येत असतील, इतर विषयांनाही झळ बसत असेल, तर साध्या कॅल्क्युलसच्या किंवा स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात जाणं शहाणपणाचं आहे. नातेवाइकांना काय वाटेल याचा विचार इथे आणू नका.

काहीजण कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एनरोलमेंटमधून (शाळेत असतानाच कॉलेजचा वर्ग करण्याच्या सोयीतून) कॅल्क्युलस करतात. तिथे मेची परीक्षा नसते, सत्राचा ग्रेड हाच निकाल. मात्र तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायमचा राहतो, तर नकोसा एपी स्कोअर बऱ्याच वेळा न पाठवण्याची मुभा असते.

१०. जुलैत स्कोअर आल्यावर

स्कोअर कॉलेज बोर्डाच्या खात्यात दिसतो, कॉलेजला आपोआप जात नाही. दरवर्षी एका कॉलेजला मोफत पाठवता येतो, पण त्याचं नाव जूनमध्येच द्यावं लागतं. नंतर प्रत्येकी शुल्क.

क्रेडिट कॉलेजवर अवलंबून असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थांत ३ पासून युनिट मिळतात, पण कोणत्या विषयातून सूट मिळेल हे कॅम्पस आणि शाखा ठरवते. एमआयटीत पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट बीसीमधल्या ५ ला मिळतं, एबीला नाही. कॅलटेक एपीचं क्रेडिट देतच नाही. म्हणून ऑगस्टच्या नोंदणीआधी त्या कॉलेजचा एपी तक्ता उघडा, शाखेच्या सल्लागाराशी बोला आणि इंजिनिअरिंगला जात असाल तर आणखी एक करा: त्या कॉलेजची पहिल्या कॅल्क्युलसची जुनी सत्रपरीक्षा मिळवून घरी सोडवून पाहा. ती सहज सुटली तर सूट घ्या आणि पुढच्या वर्गात बसा. अडखळलात तर क्रेडिट बाजूला ठेवून पहिला वर्ग पुन्हा करा. तसं करायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते, फक्त क्रेडिट स्वीकारण्याआधी सांगावं लागतं.